हात हायत म्हणून

“पुढं या. आणखी पुढं. मागं राहून काय दिसणार हाय तुमाला, माझी पाठ?”

बाई असं म्हणायच्या आणि मागे न बघता उजवा हात खांद्यावरून हलवायच्या. चौकातला पोलीस अडकलेल्या गाड्यांना बोलावतो तसा. पडक्या देवळाच्या दारात आम्ही घोळक्यानं थांबलेल्या असायचो आणि त्या एकट्या आत, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी. तुम्हीही पाहिलं असेल, देवळात शिरलं की बायका आपोआप मागे राहतात. कुणी सांगावं लागत नाही. एखादा खांब बघून त्याला टेकतात, पदर सावरतात आणि पुढच्या डोक्यांमधून दिसेल तेवढं बघतात. बाईंना हे सहन होत नसे. सगळ्या आत आल्याशिवाय त्या एक अक्षर सांगायच्या नाहीत.

आमच्या गल्लीत त्यांना गाईडबाई म्हणत. आधी चेष्टेनं म्हणत, मग सवयीनं आणि पुढे पुढे मानानं. त्यातला फरक त्यांना बरोबर कळायचा, पण ओ त्या सारखीच द्यायच्या.

गल्ली सांगलीतली, विश्रामबागेच्या मागची. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते आणि बाई कुपवाडच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका. शाळेत त्या अगदी छापील मराठी बोलायच्या. रविवारी गाडीत चढल्या की मात्र माहेरची भाषा सुरू. माहेर आणि सासर दोन्ही सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं. तिकडे घरटी एक माणूस फौजेत. त्यांचे मालकही होते. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, तेव्हा काश्मीरकडे कुठेतरी फौजेची गाडी दरीत गेली आणि ते गेले. मूलबाळ नव्हतं. सासरी अंगणात पाटावर बसवून बाईंच्या बांगड्या फोडल्या. एक काच मनगटात शिरली होती, तिचा वण त्या मला दाखवायच्या.

पुढे त्यांनी शिक्षिकेचा कोर्स केला, नोकरी मिळवली आणि आमच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन राहायला आल्या. त्यानंतर एकदा बाजारच्या दिवशी, भर गर्दीत, त्या कासारासमोर जाऊन बसल्या. ही हकिकत त्यांनीच मला हसत हसत सांगितली.

कासारानं विचारलं, “घरात लगीन हाय का?”

“न्हाई.”

“मग सणाला?”

“सण कुठला आत्ता?”

“मग बांगड्या कशासाठी?”

“हात हायत म्हणून.”

कासारानं पेटी उघडली. दोन्ही हात भरून हिरव्या काचेच्या बांगड्या घालून बाई घरी आल्या. हिरव्या बांगड्या म्हणजे नवरा असलेल्या बाईचं लेणं. विधवेनं त्या घालून गल्लीतून चालत जायचं म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी सांगायला नको आणि ज्यांना ठाऊक नाही ते सुखी आहेत. एका मावशींनी नळावर पाणी भरता भरता विचारलंच, “काय हो, मालक परत आले की काय?”

“न्हाई,” बाई म्हणाल्या. “तुमी जाऊन घेऊन या. ते आलं की मी काढते.”

कुंकू मात्र त्या लावत नव्हत्या. मला वाटलं होतं, तेवढं धाडस झालं नसेल. विचारलं तर म्हणाल्या, “घाम आला की पसरतं गं ते. मला आवडत न्हाई. बांगड्या आवडतात.” बस, एवढंच. त्यामागे मोठं तत्त्वज्ञान शोधणाऱ्या माझ्यासारखीला त्यांनी असं उडवून लावलं.

आमचं एक महिला मंडळ होतं. मी त्याची चिटणीस, कारण मला टायपिंग येत होतं. अध्यक्ष काकू. त्यांच्या घरी हळदीचा व्यापार होता, त्यामुळे संक्रांतीच्या हळदीकुंकवाची हळद सगळ्या गल्लीला त्यांच्याकडून यायची. बाई मंडळाच्या सभासद होत्या. वर्गणी त्यांच्याकडून घेतली जायची, हळदीकुंकवाचं बोलावणं मात्र जायचं नाही. यात काही विचित्र आहे असं कुणाला वाटत नव्हतं. काकू वाईट होत्या असं समजू नका. कुणाच्या घरी आजारपण आलं की पहिला डबा काकूंचा असायचा.

मंडळाची वर्षातून एक सहल निघायची. नरसोबाची वाडी, औदुंबर, फार तर वाईचा घाट. एका सभेत बाई उठून म्हणाल्या, “देव लय बघून झालं. एकदा देऊळ बघायला चला.” कुणाला काही कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं, की आपल्या या दोन जिल्ह्यांत नदीकाठानं कितीतरी जुनी दगडी देवळं पडून आहेत. कुणाचं शिखर गेलंय, कुणाची मूर्ती. पूजा नाही म्हणून तिकडे कुणी जात नाही. मी सगळी पालथी घातलीत, मी दाखवते. वाडीला सलग तीन वर्षं जाऊन झालं होतं, म्हणून काकू हो म्हणाल्या.

पहिल्याच सहलीत बाईंनी आम्हाला जमिनीवर आडवं केलं. एका मंडपाचं छत अजून शाबूत होतं आणि त्यात वरती दगडी कमळ कोरलेलं होतं. “मान वर करून बघाल तर घरी जाऊन बाम चोळत बसाल. झोपा,” बाई म्हणाल्या आणि स्वतः आधी झोपल्या. काकूंसकट आम्ही सगळ्या जरीकाठाच्या साड्या नेसून थंड फरशीवर उताण्या. तेवढ्यात एक मेंढपाळ बाहेरून डोकावला. बराच वेळ तो बघत राहिला आणि मग काळजीनं म्हणाला, “काय जेवणातनं झालं का वं?”

आमच्यातल्या एक जणी पर्समध्ये कुंकवाची डबी ठेवायच्या आणि दिसेल त्या मूर्तीला बोट लावायच्या. वादक, नर्तकी, द्वारपाल, कुणी सुटत नसे. बाई मागून जाऊन पदरानं पुसत यायच्या. “आवं, तिच्या डोळ्यात घातलंत की कुंकू. ती नाचती हाय, पडंल.”

त्यांना सगळं ठाऊक होतं असं मुळीच नाही. एका ठिकाणच्या प्राण्याला त्या वर्षभर ठासून हत्ती म्हणत होत्या. पुढच्या वर्षी आम्ही परत गेलो तर तोच रानडुक्कर झाला. मी आठवण करून दिली तेव्हा म्हणाल्या, “माझंच चुकलं हुतं. सोंड म्हणून बघत हुते ते त्याचं थोबाड निघालं.” आणि लगेच पुढच्या खांबाकडे वळल्या. चुकीची लाज वाटून घेण्यात त्या वेळ घालवत नसत. सांगताना त्यांचा पंजा मात्र सतत दगडावर असायचा. दगडाला हात लावल्याशिवाय त्यांना शब्द सुचायचे नाहीत.

मग ती येरळेकाठची सहल आली. गावाचं नाव मी घेत नाही, तिथल्या लोकांचा त्यात काही दोष नाही. तासगाव, विटा, मायणी करत आमची मिनीबस धुळीच्या रस्त्याला लागली. देऊळ अर्धं मातीत गाडलेलं. गाभारा रिकामा. बाहेर लिंबाच्या झाडाखाली उभे दगड ओळीनं लावलेले होते. एका ओट्यावर एक म्हातारी झाडू घेऊन बसलेली. दगडांची झाडलोट तिच्याकडे होती.

पहिला दगड वीरगळ होता, म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीचा. बाईंनी पंजा ठेवला आणि खालून वर सांगत गेल्या. “हितं मारामारी. ही गावाची गुरं. ही चोरून न्यायला आलेली माणसं आणि हा आपला गडी. हितं पडला. वरच्या चौकटीत ह्या दोघी त्याला स्वर्गात घेऊन चालल्यात. आणि सगळ्यात वर बघा, महादेवापुढं बसलाय, निवांत.” मग त्या म्हणाल्या, “आमच्या मालकांची नुस्ती तार आली. दगड न्हाई लावला कुणी.” त्यांच्या तोंडून मालकांचा उल्लेख सहलीत आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

शेजारचा दगड सतीचा होता. त्यावर माणूस कोरलेला नव्हता. नुसता एक हात, कोपरात वाकलेला, पंजा वर केलेला. मनगटात दगडी बांगड्या. वर चंद्र आणि सूर्य. गावातल्या बायका तिला सतीआई म्हणतात आणि तिची ओटी भरतात, हे काकूंना आधीच कळलं होतं. त्यांनी घरून खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू सगळं आणलं होतं.

“सवाष्णींनी म्होरं या,” म्हातारी ओट्यावरून म्हणाली.

बाईंनी तोवर सवयीनं दगडावर हात ठेवला होता. म्हातारीनं त्यांच्याकडे निरखून बघितलं. “कपाळ मोकळं आन् हातात हिरव्या बांगड्या. मालक हायत का गं तुझं?”

“न्हाईत.”

“मग माघारी हो. हात काढ तिच्यावरचा.”

काकू हळूच म्हणाल्या, “बाई, जरा मागे थांबा ना. आमचं एवढं होऊ दे. मग सांगा तुम्ही.”

बाईंनी हात काढला नाही. त्यांचा आवाज चढला नाही, पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल इतका स्वच्छ होता. “आजी, एक सांगा मला. ही चितेवर चढली कवा?”

“मालक लढाईत पडल्यावर.”

“म्हंजी मालक आधी गेलं.”

“व्हय.”

“मग ते गेल्यापासनं ही चितेवर चढंपर्यंत ही कोण हुती? सवाष्ण हुती, का माझ्यावानी हुती?”

म्हातारीनं झाडू या हातातून त्या हातात घेतला.

“ही मेली म्हणून हिच्या बांगड्या राहिल्या. त्यावर तुमी हळद वाहता. मी जगले म्हणून माझ्या फोडल्या. जगले ह्यात माझं काय चुकलं, तेवढं कुणीतरी सांगा. पटलं तर हात काढते.”

काकू खाली बसल्या आणि मान वर न करता ओटी भरू लागल्या. हळद त्यांनी दगडाच्या पायाशीच वाहिली, वर बाईंचा हात होता. मग एकेक जण गेली. दोघीतिघी न भरताच गाडीकडे गेल्या. मी ओटी भरली नाही, बाईंच्या शेजारी उभी राहिले. माझा नवरा घरी चांगला धडधाकट होता, तेव्हा माझ्या उभं राहण्यात काही मोठेपणा नव्हता. तरी उभी राहिले. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे समजत नव्हतं.

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी भेंड्या लावल्या नाहीत.

त्या आठवड्यातच मंडळाची बैठक झाली. आमची माणसं भांडत नाहीत, ठराव करतात. ठराव असा, की बाईंनी सहलीला जरूर यावं, देवळंही दाखवावीत, पण सहलीपुरत्या हिरव्या बांगड्या उतरवाव्यात आणि ओटी भरताना लांब उभं राहावं. हे मान्य नसेल तर मंडळ दुसरा कुणी दाखवणारा बघेल. सांगायला काकू स्वतः बाईंच्या दारात गेल्या, हा त्यांचा मोठेपणा. मी बरोबर होते.

“लोकांची मनं दुखावतात हो,” काकू म्हणाल्या. “एका दिवसाचा तर प्रश्न आहे.”

बाई पोळ्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, “काकू, ही देवळं मी तुमच्या मंडळाला विचारून शोधली न्हाईत. तवा ती दाखवायचं काम तुमास्नी काढून घेता यायचं न्हाई. येत्या रविवारी माझी गाडी जाणार हाय. त्याच दगडाकडं. आणि ह्या अशाच हातांनी. ज्यांना यायचंय त्या येतील.”

“आणि कुणीच नाही आलं तर?”

“तर ड्रायव्हरला दाखवीन.”

मंडळानंही त्याच रविवारी औदुंबरची सहल जाहीर केली. मी चिटणीसपद सोडलं. त्यानंतर मंडळाच्या नोटिसा हातानं लिहिलेल्या निघू लागल्या आणि त्यांत चुका असायच्या, हे बघून मला बरं वाटायचं.

रविवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी दोन गाड्या उभ्या होत्या. मंडळाची भरली आणि निघून गेली. जाताना खिडकीतल्या बायकांनी आमच्याकडे बघितलं आणि पटकन दुसरीकडे बघितलं. आमच्या गाडीत मी एकटी. ड्रायव्हर मलकापूरचा, कराडजवळचा. तो पहिल्यापासून बाईंच्या सहलींना होता. तो खाली उतरला, मान खाजवली. “बाई, काय करायचं?”

“थांबायचं,” बाई पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या.

मला वाईट वाटत होतं. एवढी ताठ बाई, आणि आता रिकाम्या गाडीच्या दारात उभी. मी म्हणणार होते की चला, आपण दोघीच जाऊ. तेवढ्यात कोपऱ्यावरून बायका येताना दिसल्या. दोघी, मग आणखी काही, मग एक मोठा घोळका. सगळ्या कुपवाडच्या. तो आठवडाभर शाळा सुटल्यावर बाई आपल्या विद्यार्थ्यांच्या घरोघर फिरल्या होत्या आणि मला त्यांनी त्यातलं काही सांगितलं नव्हतं. कारखान्यात मशीनवर नवरा गेलेली एक तरुण पोर होती. नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. म्हाताऱ्या विधवा होत्या, ज्यांनी सांगलीच्या बाहेर पाऊल टाकलं नव्हतं. बौद्ध वस्तीतल्या एक नर्सबाई होत्या, त्या गाडीत चढतानाच म्हणाल्या, “मी कुठे हात जोडणार नाही हं. बघायला येतेय.”

“जोडू नका की,” बाई म्हणाल्या. “दगडाला हात लावा फक्त. पुढं बसा.”

आमच्या मंडळाच्या सहलीत यांतल्या कुणी कधी नव्हत्या. त्यांना कुणी मनाई केली नव्हती. त्यांना विचारावं असंच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही.

“बाई, आज गाडी लय गप हाय,” सांगली मागे पडल्यावर ड्रायव्हर म्हणाला.

“पहिल्यांदा निघाल्यात. तासगाव जाऊ दे.”

तासगाव गेलं तेव्हा शेंगदाण्याचे लाडू फिरू लागले. विट्याच्या पुढे एका म्हातारीनं गाणं धरलं, लग्नातलं, नवरीमुलीच्या सासूची टिंगल करणारं. मागून सगळ्यांनी उचललं. ड्रायव्हरनं गाडीतली टेप बंद करून टाकली.

लिंबाखालची म्हातारी ओट्यावरच होती. बाईंना बघून म्हणाली, “आलीस व्हय परत.”

“आले. आणि ह्याबी आल्यात.”

बाईंनी सगळं पुन्हा सांगितलं. गुरं, लढाई, दोन बायका, महादेव. मग त्या सतीच्या दगडाशी गेल्या आणि एकेकीला पुढे बोलावलं. कुणी ओटी भरली नाही. नुसता हात ठेवायचा आणि बाजूला व्हायचं. काही जणी आधी पदराला हात पुसत होत्या. नर्सबाईंनी कोरलेल्या मनगटावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “बिचारी. काय वय असेल हिचं?” मशीनवर नवरा गेलेली ती पोर हात ठेवून तशीच उभी राहिली. ती रडायला लागली तेव्हा बाईंनी तिला गप्प केलं नाही. शेजारी उभ्या राहिल्या.

मग बाईंचं लक्ष खाली गेलं. अंगण लख्ख झाडलेलं होतं. पण सतीच्या दगडाभोवती हातभर जागा तशीच होती, लिंबाचा पाला साचलेली. “आजी, हे का सोडलंय?”

“त्येवढं मी झाडत न्हाई. सवाष्णी झाडत्यात आल्या की,” म्हातारी म्हणाली. “आमचं मालक गेलं तवापासनं.”

तेव्हा कुठे आम्ही तिच्या कपाळाकडे नीट बघितलं. मागच्या खेपेला ते कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. एवढी वर्षं ती या दगडाची राखण करत होती आणि त्याला शिवली नव्हती.

“आणा तो झाडू,” बाई म्हणाल्या. “मी झाडते.”

म्हातारीनं झाडू घट्ट धरला. “सोड. माझं काम हाय त्ये.” ती उठली. तिला राग आल्यासारखा दिसत होता, बाईंचा की कशाचा, देव जाणे. तिनं त्या हातभर जागेतला पाला झाडायला सुरुवात केली. झाडू दगडाला लागला. ती क्षणभर थांबली, वर बघितलं, आणि मग दगडाच्या कडेनं चारी बाजूंनी झाडून काढलं. नंतर पाला गोळा करून बांधाला टाकला आणि परत ओट्यावर जाऊन बसली.

निघताना ती बाईंना म्हणाली, “म्होरल्या बारीला येताना तंबाखू आन.”

बाईंच्या सहली पुढे कित्येक वर्षं चालल्या. पावसाळा सोडला तर महिन्यातून एकदा गाडी निघायची. मंडळातल्या बायकाही एकेक करून येऊ लागल्या, आधी चोरून, मग उघड. काकू तेवढ्या आल्या नाहीत. समोरासमोर आल्या की दोघी एकमेकींना हवापाण्याचं विचारायच्या. आणि मग काकूंचा जावई गेला. अपघातच झाला. लेक माहेरी परत आली आणि महिनोन्‌महिने मागच्या खोलीतून बाहेर पडली नाही. एका रविवारी सकाळी गाडी सुटायच्या वेळेला काकू तिचा दंड धरून आल्या. बाईंकडे न बघता म्हणाल्या, “हिला घेऊन जा. पुढे बसवा.”

बाईंनी लेकीला खिडकीजवळ बसवलं. काकूंना काही बोलल्या नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर दोन शब्द नक्की सुनावले असते.

दशक संपत आलं तेव्हा बाई आजारी पडल्या. पोटात गाठ होती. मिरजेच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. ऑपरेशनच्या आधी बांगड्या उतरवून एका कागदात गुंडाळल्या होत्या. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा त्या मागितल्या. हात सुजले होते, एकही चढेना. मी म्हटलं, बाई, राहू द्या आता, सूज उतरल्यावर बघू.

“माप वाढलं म्हणून सोडायच्या व्हय? मोठ्या आणा.”

हे काकूंच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी त्या कासाराला पेटीसकट रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन आल्या. वॉर्डातल्या सिस्टरनं हरकत घेतली, तर काकूंनी तिला असं झापलं की ती निघून गेली. कासार खाटेशेजारी स्टुलावर बसला. काकूंच्या लेकीनं बाईंचा हात साबणाच्या पाण्यानं ओला करून धरला आणि मोठ्या मापाच्या हिरव्या बांगड्या एकेक करून चढल्या. बाईंना दुखत होतं. त्या डोळे मिटून होत्या. दोन्ही हात भरले तेव्हा त्यांनी ते उचलून बघितले आणि म्हणाल्या, “आता बरं दिसतंय.” नंतरच्या आठवड्यात त्या गेल्या.

त्यांना गल्लीत आणलं. अंगणात माणसं मावत नव्हती, कुपवाडच्या बायका रस्त्यापर्यंत उभ्या होत्या. खटावहून दीर आले होते. पांढरी टोपी, थकलेला माणूस. एवढ्या वर्षांत ते कधी आले नव्हते, पण अग्नी द्यायला दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी चादर बाजूला केली, हात बघितले आणि आमच्याकडे वळले. “वैनींच्या बांगड्या उतरवून घ्या. भाऊ आमचा आधी गेलाय. ह्या अशा न्हेता यायच्या न्हाईत.”

कुणी हललं नाही. मग ते स्वतःच खाली वाकले आणि अंगणातला एक दगड उचलला.

“थांबा,” काकू म्हणाल्या. त्या पुढे आल्या आणि बाई आणि दीर यांच्या मध्ये उभ्या राहिल्या. “या बांगड्या आम्ही भरल्यात. फोडायच्या तर आधी या फोडा.” आणि त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले. त्यांच्याशेजारी त्यांची लेक येऊन उभी राहिली, तिनंही हात पुढे केले. मग मी. मग कुपवाडच्या एकेक. कुणाच्या हातात लाल बांगड्या होत्या, कुणाच्या पिवळ्या, कुणाचे हात अगदी मोकळे. त्यांनीही पुढे केले.

दिरांनी तेवढ्या हातांकडे बघितलं. मग त्यांनी दगड खाली टाकला. “चला,” ते पुरुषांना म्हणाले. “उन्हं चढली.”

चौघांनी तिरडी खांद्यावर घेतली, तेव्हा चादरीखाली बांगड्या वाजल्या. साऱ्या गल्लीनं ते ऐकलं.